मसाल्याची डाळ, चार माणसांसाठी

उधना, सुरत
ता. ९ फेब्रुवारी १९९७

ती. अक्का यांस,
भगवंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पुस्तकं आली. नंदुरबारच्या छापखान्याचा माणूस भुसावळ पॅसेंजरने दोन गठ्ठे घेऊन आला आणि उधना स्टेशनवर माझ्या हवाली करून त्याच गाडीने पुढे सुरतला गेला. मी गठ्ठे सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणले. वाटेत दोनदा थांबून दोरी तपासली. दोरी घट्टच होती.

घरी ओट्यावर ठेवले आणि मिलमध्ये कामाला गेलो. संध्याकाळी परत आलो, चहा केला, वाळलेले कपडे घडी करून ठेवले, तरी दोरी सोडवेना. पुस्तक लिहिणाऱ्यांना अशा वेळी आनंद होत असावा. मला भीती वाटत होती. आमच्या रंगखात्यात कापड नमुन्यापेक्षा फिकं निघालं तर ते पुन्हा रंगात टाकता येतं. अगदीच बिघडलं तर काळ्यात टाकतात, काळ्यात सगळं खपतं. छापलेलं पुस्तक कशात टाकणार?

शेवटी छायाच आली. सुंदराच्या हाताखाली इतकी वर्षं होती ती छाया. सुंदरा गेल्यापासून खानावळ तीच चालवते. म्हणाली, "मास्तर, आत साप आहे का?" आणि भाजीच्या विळीने दोरी कापली.

पुस्तकाच्या वेष्टनाचा रंग जांभळा हवा होता. सुंदराची भरताच्या वांग्याच्या रंगाची साडी तुम्हाला आठवत असेल, तिचा तुकडा मी छापखान्यात देऊन ठेवला होता. पुस्तक घेऊन मी दारात उजेडात गेलो. लाली जास्त आहे. तसं म्हणालो तर छाया म्हणाली, "जग बुडालं तरी तुम्ही पाण्याचा रंग बघाल."

वर तिचं नाव आहे, ‘सुंदराबाईची खानावळ’. खाली माझं. माझ्या नावाआधी ‘लेखक’ हा शब्द छापखान्याने आपल्या मनाने घातला आहे. सुंदराला दाखवला असता तर तिने तो पंगतीतल्या साठ जणांना वाचून दाखवला असता.

मग मी मधलंच पान उघडलं. ‘मसाल्याची डाळ, चार माणसांसाठी.’ दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलं.

अक्का, एक सांगतो, कुणाला सांगू नका. वर्षभर मी तिच्या हातची चव तोंडात धरून हिंडत होतो. दुसरं काही चांगलं खाल्लं की ती चव पुसली जाईल असं वाटे, म्हणून बाहेरचं खाणं सोडलं होतं. पुस्तक हातात आलं त्या दिवशी छायाने कोपऱ्यावरून चण्याच्या डाळीचा गरम लोचो आणला, वर शेव आणि तेल घालून. मी दोन पुडे खाल्ले. आता विसरलो तरी चालेल असं वाटलं. लिहून ठेवलंय.

पण ते बरोबर लिहिलंय की नाही, हे मला कळत नाही. आई गेल्यावर थोरली बहीण म्हणून सुंदराला सैपाक तुम्ही शिकवलात. तेव्हा हे सांगू शकेल असं माणूस आता एकच उरलं आहे. दिवाळीत मी तुम्हाला काळ्या मसाल्याची कृती विचारली होती. उत्तर आलं नाही. तुम्हाला हे पुस्तकाचं पसंत नाही असं मी समजलो आणि पुन्हा विचारलं नाही.

एक प्रत बुकपोस्टाने वेगळी पाठवली आहे. वर्षश्राद्ध तेवीस तारखेला, रविवारी आहे. आपण यावं.

आपला,
भगवंत


अमळनेर
ता. २७ फेब्रुवारी १९९७

चि. भगवंतराव यांस चंद्रभागाचे अनेक आशीर्वाद.

गुडघा धरला म्हणून येणं झालं नाही. नरेंद्रला पाठवलं होतं. पोरगा रिकाम्या हाताने परत आला. मी म्हटलं, भांडं कुठे आहे? तर पिशवीतून पुस्तक काढलं. म्हणे, मावसाने सगळ्यांना हेच वाटलं.

भगवंतराव, आपल्यात वर्षश्राद्धाला भांडं देतात, नाव कोरून. माझ्या घरात आईच्या नावाचा तांब्या आहे, सासूबाईंच्या नावाची परात आहे. रोज घासताना नाव हाताखालून जातं. गेलेल्या माणसाची आठवण तेवढीच ठेवायची असते, हाताला लागेल एवढी. तुमचा कागद मी कशाने घासू?

घरात आता दोन पुस्तकं झाली. पोस्टाने आलेलं अजून उघडलेलं नाही. नरेंद्रने आणलं त्याच्यावर त्याने गाडीत चहा सांडला.

इथे बाया बोलतात की, बायको गेली आणि जावयाने तिची चूल बाजारात मांडली. मी कोणाला काही बोलले नाही. तुम्हालाही बोलत नाही. तुम्ही शिकलेले आहात, विचार करूनच केलं असेल.

मसाल्याचं मात्र विचारू नका.

जेवण वेळेवर करत जा.

चंद्रभागा


उधना, सुरत
ता. ९ मार्च १९९७

ती. अक्का यांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. भांड्याचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी भांड्यांच्या दुकानात गेलोही होतो. दुकानदाराने वाट्या दाखवल्या, नाव विचारलं, कोरायचं यंत्र हातात घेतलं. मला वाटलं, ही वाटी घरोघरी जाईल आणि तिच्यात दुसऱ्याच कुणीतरी केलेली डाळ वाढली जाईल. मी उद्या येतो म्हणालो आणि गेलो नाही.

श्राद्धाचं जेवण छायाने केलं. आमचे जेवणारे सगळे आले होते. काही जण आता सचिन, कडोदरा या गावांत कामाला आहेत, तेही माग बंद ठेवून आले. पान-सुपारीनंतर मी पुस्तकं वाटली. निंबा तुम्हाला माहीत आहे, शिरपूरकडचा, आमच्याकडे सर्वांत जुना जेवणारा. प्लेगच्या साली अर्धी सुरत पळाली तेव्हा हा पळाला नाही. का नाही गेलास विचारलं तर म्हणायचा, "खानावळ चालू व्हती ना!" त्याने पुस्तक उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "मास्तर, हे वाचून जेवायचं ठरवलं तर उपाशी मरू." सगळे हसले. मलाही बरं वाटलं. मग तोच भिंतीला टेकून मोठ्याने वाचू लागला, आणि मध्येच थांबून म्हणाला, "आखो ल्या, लाजू नका, हे कुठे लिहिलंय?" पंगतीत सुंदरा आणखी वाढायला आली की हेच म्हणायची. ते मी लिहिलेलं नव्हतं.

पुस्तक कसं केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. मिलमध्ये आमच्या रंग कालवायच्या खोलीला कलर किचन म्हणतात. व्यापारी कापडाचा एक तुकडा देतो, त्या नमुन्याबरहुकूम रंग जुळवायचा. जुळेपर्यंत थोडा हा घाल, थोडा तो कमी कर, आणि प्रत्येक वेळी वजन लिहून ठेव. सुंदराने काहीच मोजलेलं नव्हतं, आणि नमुना तर गेलेला. मग मी निंबाची आणि इतरांची जीभ नमुना धरली. छाया डाळ करी, मी सगळं तोलून लिहून ठेवी. हे लोक जेवून सांगत, "आज नाही." "आज जवळ आली." एके दिवशी निंबाने पहिला घास घेतला आणि भाकरी ताटात ठेवून दिली. त्या दिवशीचं वजन पुस्तकात आहे. साठ जणांचं होतं, ते मी भागून चार जणांचं केलं.

आता एक गोष्ट. नरेंद्रने सांगितली नसेल तर दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतो. डाळीत गूळ आहे. थोडा आहे, पण आहे. शेजारच्या गुजराती बेनच्या घरची डाळ खाऊन सुंदराने सुरू केलं. तुम्ही गुजरात्यांच्या गोड डाळीला नावं ठेवता हे तिला माहीत होतं. दर वेळी गूळ टाकताना ती माझ्याकडे बघून म्हणे, "अक्काले सांगू नका." ते वगळावं असं मला फार वाटलं. पण गुळाशिवाय नमुना जुळत नव्हता.

काळ्या मसाल्याच्या जागी मी काय छापलं आहे, ते तुम्ही उघडाल तेव्हा बघालच.

एकदा डाळ करून बघा एवढीच विनंती आहे. चुकली असेल तर चुकली असं लिहा. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर मी सुटणार नाही.

आपला,
भगवंत


अमळनेर
ता. ३० मार्च १९९७

चि. भगवंतराव यांस अनेक आशीर्वाद.

तुमची डाळ जळाली.

होळी झाली, पाहुणे गेले, मग करायला घेतली. मुद्दाम पुस्तकात लिहिलं तशीच. चैतालीला समोर बसवलं आणि म्हटलं, तू वाच, मी करते, माझं डोकं आज बंद. पोरगी वाचते तर काय, मीठ ग्रॅममध्ये, हळद ग्रॅममध्ये. मी काय सोनारीण आहे? तिला वाण्याकडे मीठ तोलायला पाठवलं. वाणी म्हणे, आजीला डॉक्टरने पथ्य सांगितलं का? पाणी किती, तर डाळीच्या इतके पट. चैतालीने पेल्याने मोजून ओतलं. मला दिसत होतं की पाणी कमी आहे. हात शिवशिवत होता. तरी गप्प बसले. म्हटलं, बघू जावयाची विद्या.

डाळ शिजायच्या आत पाणी संपलं. खालून लागली, घर धुराने भरलं. शेजारीण दारात आली, "काय जळनं व माय?" मी म्हटलं, "जावईनं पुस्तक!"

आता ऐका. साठ माणसांच्या पातेल्याचं तोंड केवढं आणि आत डाळ केवढी? त्यातलं पाणी थोडंच उडतं. चार माणसांचं पातेलं टीचभर, चुलीवर ठेवलं की अर्धं पाणी वाफ होऊन जातं. डाळ भागाकाराने लहान होते, पाणी होत नाही. हे तुमच्या मिलमध्ये शिकवत नाहीत का?

पातेलं चैतालीने राखेने घासलं, अजून तळ काळा आहे. पण ते घासायला नेण्याआधी वरवरची डाळ लागली नव्हती तेवढी मी वाटीत काढून घेतली. म्हटलं, गूळ घातलाय, चाखून तर बघू.

भगवंतराव, मी सुरतेला आले होते तेव्हा ती डाळ तीन वेळा मागून घेतली होती. सुंदरा वाढत होती आणि पदराआड हसत होती. मी विचारलं, हसतेस काय? म्हणाली, काही नाही, तुझीच डाळ तूच मागून खातेस. तेव्हापासून मी इथे लोकांना सांगत आले की माझ्या बहिणीने माझी डाळ जशीच्या तशी ठेवली. आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे गूळ टाकत होता.

ती माझी डाळ नाही. आमच्या आईचीही नाही. सुंदराचीच आहे. वाटीतली संपली तरी मी चाटत बसले, नात बघत होती. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बरोबर आहे. मीठ, मिरची, तो मेला गूळ, सगळं बरोबर आहे. पाणी तेवढं चुकलंय.

मग चैतालीला म्हटलं, मसाल्याचं पान काढ. माझी तयारी होती की तुम्ही कुणाकडून तरी विचारून, नाहीतर ओळखून लिहिलं असणार, धने इतके, दगडफूल इतकं. तिने वाचलं, ‘काळा मसाला. हा अक्का करतात आणि दर उन्हाळ्यात पाठवतात. यात काय असतं ते मला माहीत नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी आपापल्या अक्काला विचारावं.’

ते तिला दोनदा वाचायला लावलं.

तुम्ही समजलात की मला राग आला म्हणून उत्तर दिलं नाही. राग भांड्याचा होता, तो खरा. मसाल्याचा नव्हता. कृती लिहून पाठवली असती तर तुम्ही तिथेच कुटून घेतला असता, तोलून मापून. मग माझ्याकडून सुरतेला काय जाणार होतं? बहीण गेली. मसाला जात होता.

गेल्या उन्हाळ्यात पाठवला नाही, हे तुम्हीही कधी लिहिलं नाहीत आणि मीही नाही. तेव्हा माझ्याने कुटायला बसवलंच नाही.

पुस्तक चांगलं आहे. रंग वांग्याचाच आहे, उगीच लाली बघत बसू नका.

चंद्रभागा


उधना, सुरत
ता. ८ एप्रिल १९९७, गुढीपाडवा

ती. अक्का यांस,
पाडव्याचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी ओट्यावर उभ्यानेच वाचलं. ‘जावईनं पुस्तक’ वाचून मोठ्याने हसलो, तर छाया हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. मला काही झालं की काय असं तिला वाटलं. मग तिलाही वाचून दाखवलं.

चूक तुम्ही म्हणता तीच आहे. आमच्या रंगाच्या भांड्यात कापडाच्या किती पट पाणी हे एकदा ठरलं की थानं रंगवा नाहीतर रुमाल, तेच प्रमाण. इतकी वर्षं हेच केलं. डाळ म्हणजे कापड नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. छाया म्हणते, तिने तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं असेल.

चूक निघाली तर मला काय वाटेल, याची मी वर्षभर धास्ती घेतली होती. प्रत्यक्षात निघाली तेव्हा हलकं वाटलं. निदान तुम्ही चूल पेटवलीत. आणि बाकी बरोबर आहे असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्याचं मी लिहिलं नव्हतं, कारण जुना मसाला थोडा शिल्लक होता. छाया तो फक्त निंबाच्या चाचणीच्या दिवशी काढायची. आता बरणीत वासच उरला आहे.

पुस्तकं दुरुस्त करायची ठरवली. गेल्या रविवारी जेवायला आलेल्यांना सांगितलं, आपापली प्रत घेऊन या, पेनाने लिहून देतो. निंबा म्हणाला, "कापड परत येतं तसं पुस्तक परत आलं." सगळे ओळीने ओट्यावर बसले. मी पहिली प्रत उघडली आणि पेन हातात घेऊन अडलो. लिहायचं काय? घराघरात पातेलं वेगळं, कुणाकडे चूल, कुणाकडे स्टोव्ह, कुणाकडे गॅस. कितीही आकडा लिहिला तरी कुठेतरी जळणारच.

लग्नानंतर मी सुंदराला पहिल्यांदा विचारलं होतं, डाळीत पाणी किती घालतेस? ती म्हणाली, अंदाजानं. मी म्हणालो, अंदाजाने रंगवलेलं कापड व्यापारी परत आणून टाकतो. ती म्हणाली, "मन्हं जेवण कोनी परत आनं का?" हा वाद आमच्यात शेवटपर्यंत चालला. पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा मी ठरवलं होतं की ‘अंदाज’ हा शब्द त्यात येऊ द्यायचा नाही. एकाही पानावर तो नाही, चैतालीला शोधायला सांगा.

रविवारी मी प्रत्येक प्रतीत डाळीच्या पानावर छापलेला आकडा खोडला आणि लिहिलं, ‘पाणी अंदाजाने घालावे.’ पहिल्या प्रतीतली शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही. पुढे सवय झाली.

निंबाने आपली प्रत घेतली, वाचली आणि म्हणाला, "आता वहिनीचं पुस्तक झालं."

तुमच्या दोन्ही प्रती कुणाबरोबर पाठवल्यात तर तशाच दुरुस्त करून परत पाठवतो.

आपला,
भगवंत


अमळनेर
ता. ११ मे १९९७

चि. भगवंतराव यांस अनेक आशीर्वाद.

पुस्तकं पाठवत नाही. तुमचं पत्र बघून चैतालीने एकात लिहिलं, दुसऱ्यात मी लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं, तेच असू दे.

नरेंद्रबरोबर मसाल्याचा डबा पाठवते. यंदा बायांना बोलावून कुटला. मिरची तिखट निघाली आहे, छायाला सांगा हात राखून घाल. किती ते विचारू नका.

डबा स्टीलचा आहे, नवा घेतला. झाकणावर बघा. सुंदराचं नाव मी इथल्या दुकानात कोरून घेतलं. तो विचारत होता, खाली कोणाचं नाव घालू, कोणाकडून? मी म्हटलं, जागा आहे तेवढी दोघांची घाल. तुमचं घातलंय आणि माझं. ‘लेखक’ घातलं नाही.

रिकामा झाला की डबा घासून परत पाठवा. पुढच्या उन्हाळ्यात भरायला लागेल.

चंद्रभागा